बैलांच्या शर्यतीचें प्राचीनत्व

बैलगाडाशर्यत व शंकरपट वेदकालापासून अखंड चालत आले, असें सांगण्यांत येतें. ऋग्वेदाच्या दशम मंडलांतील १०२ व्या सूक्तांत मुद्गलाच्या रथास बैल जुंपिला असून मुद्गलानी सारथ्य करिते. सहस्र गाई जिंकिल्याचाही उल्लेख आहे. यावरून शर्यत सिद्ध होते, परंपरेचें अखंडत्व नव्हे. इ. स. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शर्यती बंद केल्या. २०२३ मध्यें महाराष्ट्राचा सुधारणा-कायदा वैध ठरवितांना परंपरेचा निर्णय विधिमंडळावर सोंपविला. म्हणून पुराव्याचें मोल अधिक. मधला दुवा गांवोगांवच्या जत्राखर्चाच्या यादींतच शोधावा लागेल. त्र्यंबकेश्वरींच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत यात्रेकरूंचीं कुळें व गांवें नोंदिलेलीं आहेत. त्यांवरून पाटील-कुलकर्ण्यांचीं घरें ठरवून तेथील दप्तरें संग्राहकांनीं तपासावीं, अशी आमची विनंति आहे.