नाचाचा क्लास निवडताना: शारजातले समज आणि वस्तुस्थिती

“शारजात नाच कुठे शिकवतात? त्यासाठी दुबईलाच जावं लागतं.” नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. शारजा कडक आहे हे खरं. इथे दारूबंदी आहे आणि सार्वजनिक ठिकाणच्या पेहरावाचे नियम आहेत. त्यावरून नाचगाण्यालाही मज्जाव असणार, असा अर्थ काढला जातो. पण याच शारजाला १९९८ मध्ये अरब जगाची सांस्कृतिक राजधानी म्हणून मान मिळाला. इथले शासक शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी स्वतः नाटककार आहेत, आणि २०१९ पासून इथे शारजा परफॉर्मिंग आर्ट्स अकॅडमी उभी आहे, जिथे अभिनय आणि संगीत रंगभूमीचं पदवी शिक्षण मिळतं. इंडियन असोसिएशन शारजा १९७९ पासून भारतीयांना एकत्र आणते आहे. बंदी नाचाला नाही. नियम आहेत ते क्लास कुठे आणि कोणत्या परवान्यावर चालतो याचे.

आणि इथेच दुसरा समज येतो, की शेजारच्या इमारतीतल्या ताई घरी शिकवतात तर परवाना कशाला विचारायचा? विचारायचा. शारजात पैसे घेऊन कोणताही व्यवसाय चालवायला आर्थिक विकास खात्याचा परवाना लागतो आणि त्यावर व्यवसायाचा प्रकार लिहिलेला असतो. त्या ताई उत्तम शिकवत असतीलही. पण परवान्याशिवाय चालणारा वर्ग एखाद्या दिवशी अचानक बंद पडतो आणि वर्षभराची आगाऊ फी अडकते. परवाना दाखवा म्हटल्यावर चांगल्या संचालिकेला राग येत नाही. बहुतेक ठिकाणी तो स्वागतकक्षाच्या भिंतीवर लावलेलाच असतो.

दुबईच्या नामवंत क्लासचा मोह मी समजू शकते, तरी माझं मत स्पष्ट आहे: सात-आठ वर्षांच्या मुलाला अल इत्तिहाद रोडच्या संध्याकाळच्या गर्दीतून नेऊ नये. तासाभराच्या तालमीसाठी गाडीत त्याहून जास्त वेळ गेला, तर मूल तिथे दमूनच पोहोचतं. पहिल्या वर्षी उत्साह असतो, दुसऱ्या वर्षी परीक्षा येतात, मग क्लास सुटतो. नृत्याला आठवड्यातून दोनदा, न चुकता, वर्षानुवर्षं जाणं लागतं. अल नहदा, अल तावुन, अल कासिमिया किंवा मुवैलेहला राहत असाल तर आधी आपल्याच वस्तीत शोधा. शारजाची एक सोय दुबईत नाही. जानेवारी २०२२ पासून इथे शाळांना शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी ताजं असलेलं मूल तासाभरात जे शिकतं, ते मंगळवारी संध्याकाळी शाळेची बस उतरून आल्यावर दोन तासांतही जमत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळची बॅच आहे का, हा प्रश्न म्हणूनच फीच्याही आधी विचारावा.

वयाविषयीचा घोळ सर्वांत मोठा. “तिसऱ्या वर्षी घातलं तरच अंग वळतं” असं आजीपासून मैत्रिणीपर्यंत सगळे सांगतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला तालावर चालणं, थांबणं, उडी मारणं, टाळी देणं शिकवावं. त्यात त्याला मजा येते आणि ते पुढे उपयोगीही पडतं. पण भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, किंवा कथकचा सलग तत्कार, म्हणजे तालावरचे पायांचे आघात, हे त्या वयाचं काम नाही. हाडं वाढत असतात, लक्ष फार वेळ टिकत नाही. सहा-सात वर्षांचं मूल डावं-उजवं न चुकता ओळखतं, चार मात्रा मोजत पाय मारू शकतं आणि सांगितलेली दुरुस्ती पुढच्या तासापर्यंत लक्षात ठेवतं. तिथून पद्धतशीर शिक्षण सुरू झालं तर काहीही हुकत नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी सुरुवात करूनही मुलं छान नाचतात. बॅलेमध्ये तर बोटांच्या टोकावर उभं राहण्याचे पॉइंट शूज साधारण अकरा-बारा वर्षांआधी देऊ नयेत असाच जबाबदार शिक्षकांचा दंडक आहे, आणि तेही काही वर्षांच्या तयारीनंतर.

आता जमीन. याकडे पालकांचं लक्ष क्वचितच जातं. आरसे, दिवे, वातानुकूलन पाहून “स्टुडिओ किती छान आहे” म्हणून आपण परततो. शारजातल्या बहुतेक इमारतींत काँक्रीटवर टाइल्स बसवलेल्या असतात आणि भारतीय शास्त्रीय नृत्य अनवाणी पायांनी जमिनीवर आघात करून केलं जातं. तो आघात टाइल शोषून घेत नाही. तो टाचेतून नडगीत आणि गुडघ्यात परत येतो. पहिल्या भेटीत चपला काढा आणि स्वतः टाच आपटून पाहा. लाकडी फळ्यांखाली पोकळी असेल तर जमीन किंचित दबते आणि आवाज घुमतो. काँक्रीटवर नुसता विनाइलचा पट्टा चिकटवला असेल तर टाचेला लगेच कळतं. जोडून बसवायच्या फोमच्या चटयाही कामाच्या नाहीत. गिरकी घेताना पाऊल त्यात रुततं आणि घोटा मुरगळतो.

जमिनीनंतर गुडघे पाहा. वर्गातली मुलगी अरमंडीत बसली की समोरून नजर टाका. गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत बाहेर वळलेला असेल तर ठीक आहे. पावलं बाहेर आणि गुडघे आत अशी ओढाताण दिसली, तर वळण खुब्यातून येत नाहीये आणि सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतोय. जाणती शिक्षिका अशा मुलीला थोडं वर उठवते, पावलांमधला कोन कमी करते, पाठ सरळ करायला लावते आणि मगच पुढची अडवू (नृत्याचा मूलभूत घटक) घेते. जिथे खांदे दाबून “अजून खाली बस” एवढंच सांगतात, तिथे मूल घालू नका, मग भिंतीवर कितीही ढाली असोत. दुखल्याशिवाय नाच येत नाही, हा समज मुलांच्या सांध्यांना फार महागात पडतो. आणि छडी किंवा अपमान हा गुरुपरंपरेचा भाग आहे, असं कोणी सांगितलं तर अमिरातीचा २०१६ चा बालहक्क कायदा, ज्याला वदीमा कायदा म्हणतात, मुलांना शारीरिक आणि मानसिक इजेपासून संरक्षण देतो हे ध्यानात ठेवा.

हे सगळं वार्षिक कार्यक्रमात दिसत नाही. तिथे दिसतात दिवे, दागिने आणि तीन महिने घोकून बसवलेला एक नाच. “त्यांचा कार्यक्रम बघितला, फार सुंदर होता” या एका आधारावर क्लास निवडणं ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. आठवड्याच्या मधला एखादा साधा तास मागून घ्या आणि पूर्ण वेळ बसा. किती मुलांमागे एक शिक्षिका आहे, मागच्या रांगेतल्या मुलाचं नाव तिला माहीत आहे का, ती स्वतः तोंडाने तालाचे बोल म्हणते की मोबाइलवर गाणं लावून देते, हे तासाभरात कळतं. पालकांना कधीच आत बसू न देणाऱ्या क्लासपासून दूर राहा. वर्गाचे रील तुम्हाला न विचारता समाजमाध्यमांवर टाकत असतील तर तेही चालवून घेऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो घेणं किंवा पसरवणं सायबर गुन्ह्यांविषयीच्या २०२१ च्या संघीय कायद्यात बसत नाही.

प्रमाणपत्रांचं काय? १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मराठी घरांना माहीत असतात: प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण अशा दोन टप्प्यांत, पुढे अलंकार. हा नीट रचलेला अभ्यासक्रम आहे, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असतं, आणि मुलाला एक दिशा मिळते. पण शिक्षिका विशारद आहे म्हणजे तिला लहान मुलांना शिकवता येतं, असं होत नाही. ती परीक्षा स्वतः नाचण्याची आहे. ती कोणाकडे किती वर्षं शिकली आणि किती वर्षं लहान मुलांना शिकवते आहे, हे वेगळं विचारावं लागतं. उलटही खरं आहे. उत्तम गुरूंकडे पंधरा वर्षं शिकलेल्या एखादीने एकही परीक्षा दिलेली नसते. आणि दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात ही महाराष्ट्र राज्य मंडळाची सवलत आहे. शारजात सीबीएसईच्या शाळेत असलेल्या मुलाला ती लागू नाही.

“भरतनाट्यम तर दाक्षिणात्यांचं, आपल्या मुलांना भाषा कळणार नाही.” हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण या नृत्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. तंजावरवर भोसले घराण्याचं राज्य होतं. सरफोजी दुसरे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा भरतनाट्यमच्या सादरीकरणाचा आजचा क्रम त्यांनीच घडवला. सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचनाही आहेत, आणि विसाव्या शतकात पार्वतीकुमार यांनी मुंबईत त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्या चार भावांच्याच वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकलेल्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात पिढ्या घडवल्या. शारजात भरतनाट्यम, मोहिनीअट्टम, कुचिपुडी शिकवणाऱ्या दक्षिण भारतीय शिक्षिका सहज भेटतात. कथकची मराठी गुरू मिळाली तर आनंदच आहे, पण ती सापडेपर्यंत दोन वर्षं थांबून राहू नका.

मुलगे नाचत नाहीत हा समजही याच इतिहासापुढे टिकत नाही. ते चारही भाऊ पुरुष, पार्वतीकुमार पुरुष, कथकचे बिरजू महाराज पुरुष, आणि व्ही. शांतारामांच्या १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’मधले गोपीकृष्ण आजी-आजोबांना आजही आठवतात. तुमचा मुलगा वर्गात एकटा असेल तर शिक्षिका त्याला प्रत्येक कार्यक्रमात फक्त कृष्ण करते की खरोखर शिकवते, एवढं बघा.

पुण्याच्या ताईंकडे ऑनलाइन शिकण्याविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात. वेळेची अडचण नाही. शारजात संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यात साडेसात. अडचण तालाची आहे. आवाज पोहोचायला जो क्षणाचा उशीर लागतो, त्यामुळे गुरूच्या टाळीवर शिष्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठता येत नाही आणि पायाचा आघात पडद्यावर नीट कळत नाही. त्यामुळे सुरुवातीची तीन-चार वर्षं प्रत्यक्ष वर्ग हवाच. पाया झाल्यावर पढंत (बोल तोंडाने म्हणणं), अभिनय, लेखी परीक्षेची तयारी ऑनलाइन चांगली होते.

पैशाची बोलणी संकोच न करता करा. फीवर पाच टक्के व्हॅट वेगळा आहे का? जुलै-ऑगस्टमध्ये गावी गेल्यावर त्या महिन्यांची फी द्यावी लागते का? पोशाख क्लासकडूनच घ्यायची सक्ती आहे का? अरंगेत्रमचा, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या एकल रंगमंच सादरीकरणाचा, खर्च तर आधीच समजून घ्यावा. गायिका, नट्टुवांगम (झांजांवर ताल धरणं), मृदंगम, व्हायोलिन असा संच, काही वेळा भारतातून बोलावलेला, आणि सभागृह. त्याआधी साधारण सात ते दहा वर्षांचं शिक्षण लागतं. तीन वर्षांत अरंगेत्रम करून देतो म्हणणारा क्लास तुम्हाला समारंभ विकतो आहे.

शेवटची बाब फक्त परदेशी राहणाऱ्यांची. नोकरी बदलली की शहर बदलतं, कधी देशही. मधेच क्लास बदलला तर काही बिघडत नाही, असं वाटतं. पण कलाक्षेत्र, पंदनल्लूर, वळुवूर या भरतनाट्यमच्या बाण्यांत, म्हणजे शैलींत, एकाच अडवूचा हात वेगळा जातो आणि कथकमध्ये लखनौ, जयपूर, बनारस घराण्यांचा ढंग निराळा. नवी गुरू कधी वर्षभर जुनं सोडवण्यात घालवते. प्रवेश घेतानाच बाणी किंवा घराणं विचारून ठेवा, शिकलेल्या अडवू, तोडे, ताल मुलाकडून वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक परीक्षेची गुणपत्रिका जपून ठेवा. गांधर्वची मध्यमा प्रथम इथे झाली असेल, तर पुण्याला परतल्यावर मध्यमा पूर्णला बसता येतं.