आयोगाचा जमाखर्च

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन पाळला जातो. गेल्या खेपेस राज्यशास्त्र मंडळाने त्यानिमित्त भित्तिपत्रक काढायचे ठरवले, तेव्हा ‘मानवी हक्क आयोग’ हा विषय मी मागून घेतला. मला या विषयाची काही विद्वत्तापूर्ण ओढ होती असे नव्हे. त्या आयोगाकडे पाठवायचा एक अर्ज माझ्या वहीत तयार होता, इतकेच.

हकीगत थोडक्यात अशी. माझा थोरला भाऊ गणपतीच्या दिवसांत लालबागला फुटपाथवर खेळणी विकतो. त्याच्या आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मोबाईल चोरीच्या संशयावरून दादाला एका पोलीस ठाण्यात नेले. दोन रात्री ठेवून घेतले, तळपायांवर मारले आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिले. कोठे नोंद नाही, कागद नाही. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे, हे राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात आहे. पण ते मला कळले प्रथम वर्षाला, नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच्या तासाला. तोवर आमच्या घरात ‘सुटला हेच नशीब’ असे म्हणून विषय मिटवलेला होता. आई तर आजही त्यावर बोलू देत नाही.

मी अर्ज लिहिला आणि तो दाखवायला आमच्या सरांकडे गेले. सरांनी अर्ज वाचला, काही न बोलता कपाटातून ‘मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३’ ही पातळशी पुस्तिका काढली आणि कलम ३६ उघडून माझ्यापुढे ठेवली. त्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की, हक्कभंगाची घटना घडल्यापासून एक वर्ष उलटल्यावर आयोग तिची चौकशी करणार नाही. मी बोटांवर महिने मोजले. चौदा भरले.

पुस्तिका हातात होती म्हणून मग ती शेवटपर्यंत वाचली. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे. भित्तिपत्रकात एवढे मावले नाही.

आपल्याकडे आयोग एक नाही, दोन आहेत, आणि तेथूनच घोटाळा सुरू होतो. राष्ट्रीय आयोग दिल्लीत, १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झालेला. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र त्याचे पहिले अध्यक्ष. आपल्या राज्याचा ‘महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग’ २००१ पासून काम करतो. त्याची कचेरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. लोकलमधून उतरून फोर्टकडे जाणारी हजारो माणसे रोज तेथून जवळून जातात. मीही कित्येकदा गेले होते. पाटी कधी वाचली नव्हती.

कोणती तक्रार कोणाकडे, हे घटनेच्या सातव्या परिशिष्टावरून ठरते. राज्य आयोगाला राज्यसूची आणि समवर्ती सूचीतील विषयांचीच चौकशी करता येते. परीक्षेसाठी पाठ केलेल्या या याद्या परळमध्ये पायी फिरले की डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पोलीस चौकी हा राज्याचा विषय. महापालिकेचे रुग्णालय, म्हणजे सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य, हाही राज्याचाच. पण स्थानकाच्या पुलावर पाऊल ठेवले की आपण केंद्राच्या हद्दीत जातो, कारण रेल्वे संघसूचीत आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पूल कसा बांधला, वेळेवर रुंद का केला नाही, अशा प्रश्नांची तक्रार राज्य आयोगाकडे नव्हे, दिल्लीला पाठवायची. (त्याच फलाटावरचे लोहमार्ग पोलीस मात्र राज्याचे! सामान्य माणसाने हे सारे कसे लक्षात ठेवायचे, देव जाणे.) शिवाय एका आयोगापुढे चालू असलेले प्रकरण दुसरा आयोग हाती घेत नाही. म्हणून ‘दोन्हीकडे टाकून ठेवू’ हा आपल्या चाळीतला शहाणपणा येथे उपयोगी पडत नाही.

काही तक्रारी तर मुळातच बाहेर राहतात. निनावी किंवा मोघम अर्ज, न्यायालयात चालू असलेले वाद, नोकरीतील बढती-बदलीच्या कुरबुरी आणि औद्योगिक तंटे राष्ट्रीय आयोगाच्या नियमांनुसार सामान्यतः घेतले जात नाहीत. शेवटचे वाचून मला आजोबांची आठवण झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ते होते. त्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली विझवल्या. पण पगार, थकबाकी, कामावर परत घेणे हे सारे ‘औद्योगिक तंटा’ या शब्दात बसते. पोटाचा प्रश्न मानवी हक्काचा नाही काय, असे मी सरांना विचारले. सर म्हणाले, “आहे, पण त्याचा दरवाजा वेगळा आहे.” मला हे उत्तर अजून पुरते पटलेले नाही.

आता वर्षाच्या कामाकडे येऊ. आयोगाचे वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च. वर्षभरात टपालाने आणि ऑनलाइन तक्रारी येतात. काही प्रकरणे आयोग वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून आपण होऊन घेतो. त्यांत आणखी एक प्रकार असतो, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. कोठडीत कोणी मेला तर जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांनी चोवीस तासांत कळवावे, अशी सूचना राष्ट्रीय आयोगाने स्थापनेनंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९९३ मध्ये सर्व राज्यांना दिली. कोठडीतील मृत्यूच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, असे १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिले. त्यामुळे अहवालातील काही प्रकरणे ही कोणा आईबापाने केलेली तक्रार नसून खुद्द शासनाने पाठवलेली खबर असते. आयोगाच्या साऱ्या कामांत मला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. मेलेल्या माणसाचा अर्ज कोण लिहिणार?

चौकशीत साक्षीदाराला बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे, शपथेवर जबानी घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. चौकशी संपल्यावर मात्र त्याचे हात आखडतात. नुकसानभरपाई द्या, अमुक अधिकाऱ्यावर कारवाई करा, अशी ‘शिफारस’ तो करतो. शासनाने एक महिन्यात किंवा आयोग वाढवून देईल तेवढ्या मुदतीत उत्तर द्यावे, असे कायदा म्हणतो. उत्तर समाधानकारक नसेल तर आयोग उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. यावरून वर्तमानपत्रे आयोगाला ‘दात नसलेला वाघ’ म्हणतात. ते म्हणणे पूर्ण खोटे नाही, पण आळशी आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, राज्य आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक आहेत. म्हणजे दातांचा वाद अजून मिटलेला नाही.

अहवालात सर्वांत ठळक असतो तो ‘निकाली प्रकरणे’ हा आकडा. ‘निकाली’ म्हटले की कोणाला तरी न्याय मिळाला असे आपल्याला वाटते. वस्तुतः तसे काही नाही. तक्रार दाखल होताच फेटाळली, तरी निकाली. संबंधित खात्याकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवली, तरी निकाली. मुदतीबाहेर म्हणून बंद केली, तरी निकालीच. राष्ट्रीय आयोगाने आपल्या पहिल्या तीस वर्षांत वीस लाखांहून अधिक प्रकरणे नोंदवली. आर्थिक भरपाईची शिफारस झाली ती आठ हजारांहून काही अधिक प्रकरणांत, आणि ती सर्व रक्कम मिळून दोनशे कोटी रुपयांच्या वर जाते. म्हणजे हजार नोंदींमागे साधारण चार. बाकीची ९९६ वाया गेली असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा आयोगाची नुसती नोटीस गेली तरी पोलीस ठाण्यातला आवाज खाली येतो. पण दादाचा अर्ज मी पाठवला असता, तर तोही एका ओळीचे उत्तर होऊन ‘निकाली’च्या बेरजेत एकाने भर घालून गेला असता. आयोगाचे काम वाढलेले दिसले असते.

भरपाईचा पैसा येतो कोठून? आमच्या वर्गातल्या बहुतेकांना, आणि दोन प्राध्यापकांनाही (नावे सांगत नाही), वाटत होते की तो आयोगाच्या तिजोरीतून येतो. तसे नाही. तो ज्या शासनाच्या माणसाकडून चूक झाली त्या शासनाने द्यायचा असतो. आयोगाचा स्वतःचा पैसा निराळा आणि तो मुख्यतः पगार, जागा, प्रवास, टपाल, छपाई यांवर जातो. अशा कचेरीत यंत्रे नसतात. माणसे हाच तिचा खर्च आणि माणसे हेच तिचे भांडवल.

या पैशाबद्दलची कलमे ३२ आणि ३३ मी तीनदा वाचली. केंद्राने राष्ट्रीय आयोगाला आणि राज्याने राज्य आयोगाला अनुदान द्यायचे. किती, तर शासनाला ‘योग्य वाटेल’ तितके. मिळालेली रक्कम कायद्याने नेमलेल्या कामांवर कशी खर्च करायची ते मात्र आयोगाने ठरवायचे. आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा छापील अहवाल निघतो. त्यात कोणाची वर्गणी किती ते नावानिशी असते, आणि ज्याची वर्गणी मोठी त्याला सभेत कोणी उलटून बोलत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आयोगाच्या जमेच्या बाजूला एकच मोठा वर्गणीदार असतो आणि आयोगाला प्रश्न विचारायचे असतात ते त्यालाच.

माणसांचेही तेच. राज्य आयोगाच्या चौकशीसाठी पोलीस महानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली पोलीस कर्मचारी राज्य शासनच पुरवते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलीसच करतात म्हणा ना! राष्ट्रीय मानवी हक्क संस्था कशा असाव्यात याची ‘पॅरिस तत्त्वे’ संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९३ मध्ये मान्य केली. संस्थेला स्वतःचे कर्मचारी आणि जागा असावी, पुरेसा निधी असावा आणि आर्थिक नियंत्रणातून तिच्या स्वातंत्र्याला बाधा येऊ नये, असे त्यांत आहे. याच कसोटीवर २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या राष्ट्रीय आयोगाच्या मानांकनाचा निर्णय आंतरराष्ट्रीय समितीने लांबणीवर टाकला. चौकशीच्या कामी पोलीस अधिकारी असणे हा त्यांतला एक आक्षेप होता.

रिकाम्या जागा हा याच जमाखर्चाचा दुसरा पैलू. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात जुलै २०१५ मध्ये राज्यांना रिक्त पदे तीन महिन्यांत भरण्यास सांगितले होते. तरीही पुढे आपल्याच राज्य आयोगातील रिकाम्या खुर्च्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. नुसता खर्चाचा तक्ता पाहणाऱ्याला त्या वर्षी काटकसर दिसेल. रिकामी खुर्ची पगार घेत नाही, पण ती कोणाचे म्हणणे ऐकूनही घेत नाही.

हिशेब तपासतो भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक. गंमत अशी की, त्या तपासणीचा खर्चही आयोगानेच त्याला द्यायचा असतो. तपासलेले हिशेब राज्य शासनाने विधिमंडळापुढे ठेवायचे. वर्षाच्या कामाचा अहवालही तसाच विधिमंडळापुढे जातो आणि त्यासोबत शासनाने एक निवेदन जोडायचे असते: कोणत्या शिफारशी मानल्या, कोणत्या मानल्या नाहीत आणि का मानल्या नाहीत. हा ‘का’ मला फार महत्त्वाचा वाटतो. साऱ्या कायद्यात शासनाने लोकप्रतिनिधींपुढे आपली कारणे सांगण्याची हीच एक ठरलेली जागा आहे.

मात्र अहवाल विधिमंडळापुढे किती दिवसांत ठेवायचा, ते कायद्यात कोठेच लिहिलेले नाही. पहिल्या पानापासून पुन्हा पाहिले. नाही. मार खाल्लेल्या माणसाला तक्रारीसाठी एक वर्ष. आणि त्याच्यासारख्यांचे काय झाले हे सांगणाऱ्या कागदाला मुदतच नाही. कलम ३६ मला मान्य करता येईल. पुरावा विरतो, साक्षीदार गाव बदलतात, हे समजते. पण मग तोच न्याय शासनाच्या टेबलालाही लावायला हवा होता.

सर म्हणतात की आयोगाचा मार्ग बंद झाला तरी न्यायालयाचा होत नाही, आणि मोफत विधी सहाय्य असते. दादाला मी हे सांगितले. तो म्हणाला, “तू बीए हो आधी.” त्याचा अर्ज माझ्या वहीतच आहे.

दुसरा एक अर्ज मात्र डिसेंबरात गेला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. एका सार्वजनिक रुग्णालयात त्यांच्या नवऱ्याच्या बाबतीत जे घडले त्याला नऊ महिने झाले होते. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, मराठी चालते. साध्या कागदावर मी लिहून दिला, काकूंनी सही केली. घटनेची तारीख सर्वांत वर, ठळक अक्षरांत घातली. स्पीड पोस्टाची पावती काकूंनी देवघरात ठेवली आहे.