पहिला अवघड चढ

(नभोवाणीवरील भाषण)

बेलापूरच्या आमच्या वस्तीमागें पारसिकच्या टेकड्या आहेत. रोज सकाळीं त्यांवर फिरून येणाऱ्या मनुष्यास हळूहळू वाटूं लागतें कीं, आपण आतां कोणताहि डोंगर चढूं. साठी उलटल्यावर मलाहि तसेंच वाटलें, आणि मीं पनवेलपलीकडील कलावंतिणीचा सुळका निवडला. त्या एका दिवसानें जें शिकविलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

कलावंतीण प्रबळगडाला लागून उभी आहे. तिची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें २,२५० फूट. हिमालयापुढें हा आंकडा क्षुल्लक वाटेल; पण डोंगराचा अवघडपणा केवळ फुटांवर मोजतां येत नाहीं, तो त्याच्या घडणीवर अवलंबून असतो. आपला सह्याद्रि सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर सांचून झाला. त्यांतील ठिसूळ थर झिजून उतार व माच्या होतात. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात. म्हणून आपले डोंगर एकसारखे चढत जात नाहींत; एक टप्पा सोपा, तर पुढला एकदम उभा. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीपर्यंतची वाट मळलेली आहे. माचीवर चहा मिळतो आणि नवख्याला वाटतें, झालें काम! वस्तुतः खरा चढ तेथून पुढें आहे. प्रबळगड व सुळका यांमधील खिंडीपासून कातळांत खोदलेल्या पायऱ्या लागतात. पुष्कळ ठिकाणीं गुडघ्याएवढ्या उंच, कठडा नाहीं, आणि खालीं दरी.

चढतांना आपलें शरीर खर्चिलेल्या शक्तीपैकीं फार तर चतुर्थांश शक्ति प्रत्यक्ष कामीं लावतें. बाकीची उष्णता होते. ती घामावाटे बाहेर पडावयाची, पण कोंकणच्या दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहतां घोट घोट पाणी प्यावें, आणि निम्में पाणी उतरणीसाठीं राखावें.

उतरण सोपी, हा आपला मोठा गैरसमज. चढतांना मांडीचे स्नायु आखडत काम करतात. उतरतांना तेच स्नायु अंगाचा भार पेलीत ताणले जातात. अशा ताणानें त्यांचे तंतु अधिक दुखावतात आणि पाय लटलटूं लागतात. शिवाय दृष्टि सारखी दरीकडे जाते. म्हणून अशा पायऱ्या कातळाकडे तोंड करून, शिडीवरून उतरावें तशा उतराव्या.

पायऱ्या जेथें संपतात, तेथें माथ्याखालीं सुमारें वीस फुटांचा उघडा खडक उरतो. तेथें दोराचें साहाय्य लागतें. मी तेथवर पोहोंचलों तेव्हां माझे गुडघे कांपत होते. बरोबर माचीवरील एक ठाकूर तरुण होता. तो म्हणाला, "गुरुजी, दोरानें मी तुम्हांला वर नेईन. उतरतांना मात्र पाय तुमचेच." मीं क्षणभर विचार केला आणि तेथूनच परतलों. माथ्यावर तरुण मंडळी आनंदानें ओरडत होती. मनाला लागलें, हें खोटें कशाला सांगूं?

घरीं आल्यावर नॉर्टनची हकीकत आठवली. ४ जून १९२४ रोजीं हा इंग्रज गिर्यारोहक कृत्रिम प्राणवायूवांचून एव्हरेस्टवर २८,१०० फुटांपलीकडे गेला होता. माथा केवळ नऊशें फूट राहिला असतां त्याला एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या, आणि तो माघारीं वळला. त्याला कोणीं भित्रा म्हटलें नाहीं.

नवख्यानें एकटें जाऊं नये, पहांटे निघावें, आणि परतण्याची वेळ घरींच ठरवून ती पाळावी. पावसाळा तर वर्ज्यच समजावा. पायऱ्यांवर शेवाळ धरतें आणि दरडी कोसळतात. शेजारच्या इर्शाळगडाखालील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरडीखालीं गाडली गेली, हें आपण विसरूं नये. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम.

त्याच माथ्यावर माचीचे लोक शिमग्याला नाचतात! त्यांचे पाय लहानपणापासून त्या कातळाला सरावलेले. आपले पाय सरावण्यास अवधि द्यावा लागतो. येत्या हिवाळ्यांत मी पुन्हां जाणार आहें. तयारी म्हणून रोज पारसिकची टेकडी चढतों. पण आतां अधिक लक्ष देतों तें उतरण्याकडे.