पंप थांबला तर उष्णता जाणार कुठे?

(लेखमाला : ऊब घराची – लेखांक ६)

आयर्लंडच्या खेड्यातल्या स्वयंपाकघराची तोंडओळख गेल्या आठवड्यात झाली. भिंतीला लागून बसवलेली ओतीव लोखंडाची ती भली थोरली चूल, म्हणजे तिथल्या भाषेत ‘रेंज’. वॉटरफर्डची स्टॅन्ली किंवा १९४६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेली रेबर्न ही तिथली घरोघरची नावं. एकाच विस्तवावर रस्सा शिजतो, ओव्हनमध्ये पाव भाजतो, नळाला गरम पाणी येतं आणि खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापतात. आज ही रेंज बसवायची कशी आणि राखायची कशी, ते पाहू.

गॅसचा बॉयलर बटण दाबलं की थांबतो. रेंजमधल्या विस्तवाला बटण नाही. हवेची झडप पूर्ण मिटली तरी फुललेले निखारे बराच वेळ उष्णता देत राहतात. म्हणून रेंजच्या नळजोडणीत एकच प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो : वीज गेली, पाणी फिरवणारा पंप थांबला, तर ही उष्णता जाणार कुठे?

आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात याचं उत्तर आहेच. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि वर नुसतं ठेवलेलं झाकण. पाणी उकळलं तर वाफ आपली आपण बाहेर पडते, कोंडत नाही. रेंजच्या पोटातला बॉयलर घरभर पाणी फिरवतो, पण त्यालाही तशीच मोकळी वाट लागते. माळ्यावर एक छोटी टाकी असते, आणि बॉयलरकडून निघालेली एक उघडी नळी त्या टाकीच्या तोंडावर वाकवून सोडलेली असते. या नळीवर कुठेही, कसलाही व्हॉल्व्ह बसवायचा नाही.

दुसरी तजवीज पाण्याच्या स्वभावावर उभी आहे. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी खाली उतरतं. बॉयलरपासून वरच्या मजल्यावरच्या गरम पाण्याच्या सिलिंडरपर्यंत २८ मिलिमीटरची तांब्याची नळी सलग चढती नेली, तर पंपाशिवायही पाणी फिरत राहतं. मध्ये कुठे नळी खाली वळली की तिथे हवा अडकते आणि प्रवाह मरतो. याच फेऱ्यात एक रेडिएटर, बहुधा न्हाणीघरातला, मुद्दाम बिनव्हॉल्व्हचा ठेवतात. सिलिंडर तापून गेला की उरलेली उष्णता तिथून बाहेर पडते. ‘टॉवेल फार तापतात’ म्हणून घरातल्या कुणी हौसेने त्यावर व्हॉल्व्ह बसवून घेतला, तर ती सुरक्षाच गेली. गॅसच्या कामाला सरावलेला प्लंबर नळ्या बारीक करायला किंवा सगळं बंदिस्त करायला सुचवू शकतो. अशा वेळी उत्पादकाची पुस्तिका पुढे ठेवावी आणि हटून बसावं.

हे सगळं किती खरं आहे ते २४ जानेवारी २०२५ ला दिसलं. एओविन वादळाने आयर्लंडमधल्या सुमारे ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज घालवली, काहींची तर कित्येक दिवस. अशा वेळी नीट जोडलेली रेंज घर उबदार ठेवते आणि जेवणही शिजवते. चुकीची जोडलेली रेंज मात्र पेटवणंच धोक्याचं.

थंडीचा धोका वेगळा. २५ डिसेंबर २०१० ला मेयो परगण्यातल्या स्ट्रेड इथे पारा उणे १७.५ अंशांवर गेला होता. अशा गारठ्यात माळ्यावरची टाकी आणि ती उघडी नळी गोठली, तर मोकळी वाट बंद होते. मग पेटवलेला बॉयलर म्हणजे कोंडलेली वाफ. पाणी गोठल्याची शंका आली तर आधी ते वितळवायचं, मगच आग. बॉयलर रिकामा असेल तरीही आग नको. म्हणून माळ्यावरच्या टाकीला आणि नळ्यांना चांगलं वेष्टण हवं.

आणखी एक बारीक गोष्ट. आग पेटवल्यावर रेडिएटरचा पंप लगेच सुरू केला तर घरभरचं गार पाणी बॉयलरवर येतं, त्याच्या थंड पत्र्यावर धुरातला ओलावा आणि डांबर जमतं आणि पत्रा कुजू लागतो. म्हणून नळीला एक थर्मोस्टॅट बांधतात. पाणी साधारण ४५ अंशांपर्यंत तापलं की मगच पंप चालू होतो.

रेंजला श्वासही लागतो. भिंतीतला हवेचा झरोका थंडी येते म्हणून फडक्याने बुजवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याचा इशारा देणारं यंत्र त्या खोलीत हवंच हवं.

आता रोजची निगा. सकाळी जाळी हलवून राख पाडायची आणि राखेचं पात्र रिकामं करायचं. राख साचून जाळीला टेकली की खालून हवा मिळत नाही, आणि जाळीच्या पट्ट्या तापून वाकतात. आठवड्याला ओव्हनच्या माथ्यावरची काजळी लांब खरवडणीने ओढून काढायची. धूर ओव्हनला वळसा घालून जातो, पण काजळीच्या थरातून उष्णता आत पोचत नाही. पाव वरून पांढरा राहिला की पहिली शंका तिथेच घ्यावी. बॉयलरचा आगीकडचा पत्राही तसाच खरवडायचा. दाराच्या कडेला फट बुजवायला बसवलेली दोरी तपासायला दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर दोरी बदला. धुराडं वर्षातून निदान दोनदा झाडून घ्यावं.

निम्मी निगा मात्र इंधनातच आहे. ओलं लाकूड स्वतःतलं पाणी उकळण्यातच उष्णता घालवतं आणि धुराड्यात डांबर चिकटवतं. आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबर २०२२ पासून धुराचा कोळसा देशभर विकायला बंदी आहे, आणि थोड्या प्रमाणात विकलेल्या लाकडातल्या ओलाव्यालाही तेव्हा २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, विटाही उन्हावाऱ्यात नीट वाळलेल्याच घ्याव्यात.

उन्हाळ्यात रेंज बंद ठेवताना आतली सगळी राख आणि काजळी काढा आणि दार किलकिलं ठेवा. बंद दाराआड दमट काजळी राहिली तर लोखंड गंजतं. धुराड्याच्या आतल्या अस्तराचं पुढच्या लेखांकात पाहू.