पलटण सुटल्यानंतर

माजी सैनिक म्हटले की पांढऱ्या मिशा, छातीवर पदकांची ओळ आणि हातात काठी असलेल्या वृद्धाची मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती होऊन, पेन्शनीस आवश्यक असलेली १५ वर्षांची नोकरी पुरी करून आणि त्यावर आणखी दोन-चार वर्षे काढून जो शिपाई आपली काळी ट्रंक घेऊन घरी परततो, तो त्या दिवशी चाळिशीच्या अलीकडेच असतो, त्याची मुले अजून शाळेत असतात, आणि संसाराचा खरा भार त्याच्या खांद्यावर पडण्यास तेव्हा कोठे आरंभ होतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माजी सैनिकांच्या संघटनांचे पदाधिकारी सभासदांच्या उदासीनतेविषयी खंत व्यक्त करतात, वर्गणी भरणारे पुष्कळ पण सभेला येणारे तेच ते, असे सांगतात. त्या उदासीनतेचे मूळ शोधावयाचे तर या तरुण पेन्शनरापासूनच निघाले पाहिजे.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, चेंदणी कोळीवाड्याला लागून पसरलेल्या कोपरीत आणि पुढे कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात असे शिपाई पुष्कळ सापडतात. या भागाला फौज नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. कोपरीतही सिंधी कुटुंबांची वसाहत त्याच लाटेने वसविली. परंतु आजचे जे माजी सैनिक येथे राहतात ते बहुधा सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे. गावच्या शेतीवर निर्वाह होत नाही आणि मुलांच्या शिक्षणाला शहर हवे, म्हणून पेन्शनीला पूरक अशी दुसरी नोकरी पतकरून ते या बाजूस आलेले असतात. कोणी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असतो, कोणी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पहारा करतो, कोणी रुग्णालयात सुरक्षा पर्यवेक्षक असतो. बारा-बारा तासांची पाळी, त्यात लोकलचा प्रवास. अशा मनुष्याला रविवारी सकाळी अकरा वाजता सभेचे आमंत्रण धाडून तो आला नाही म्हणजे त्याला आपुलकी उरली नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होय. रात्रपाळी करून तो त्या वेळी निजलेला असतो.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभारला गेला, आणि तेव्हापासून घरोघरी फौजेची चाकरी चालत आली. तेथे माजी सैनिकांना एकत्र आणण्यासाठी कोणाला सायास करावे लागत नाहीत. पारावर, देवळात, पाणवठ्यावर भेटणारा मनुष्य पलटणीतलाच असतो, आणि तो चार दिवस दिसला नाही तर पाचव्या दिवशी कोणीतरी त्याच्या ओसरीवर चौकशीला जातो. कोपरीत याच्या उलट स्थिती आहे. एकाच इमारतीत तळमजल्यावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचा निवृत्त हवालदार आणि तिसऱ्या मजल्यावर नौदलातून आलेला खलाशी वर्षानुवर्षे राहतात, उद्‌वाहनात एकमेकांकडे पाहून मान हलवितात, आणि दोघांनाही एकमेकांच्या चाकरीची वार्ता नसते. गावाने जे काम आपसूक केले ते शहरात संघटनेला हेतुपूर्वक करावे लागते. माझ्या मते तिचे पहिले प्रयोजन हेच आहे, आणि सत्कार, हारतुरे, भाषणे ही सारी त्यानंतरची.

निवृत्त शिपायांनी मंडळ काढून ते जिवंत ठेवल्याचे थोर उदाहरण आपल्या कोकणातच आहे. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. दापोली तेव्हा पेन्शनर शिपायांचे ठाणे होते. तेथील अस्पृश्य गणलेल्या जातींतील पेन्शनरांना हाताशी धरून वलंगकरांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली, आणि सरकारने महारांची लष्करभरती बंद करण्याचे धोरण स्वीकारले तेव्हा १८९४ साली त्याविरुद्ध अर्जाचा मसुदा सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात एक महार पलटण उभी राहून पुढे मोडलीही. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले, आणि वलंगकर तर १९०० सालीच निवर्तले होते. या मंडळींनी जे मागितले ते त्यांच्या स्वतःच्या पेन्शनीत एक पैचीही भर घालणारे नव्हते. ते पुढच्या पिढीतील पोरांसाठी होते. स्वतःचा लाभ पदरात पडताच मनुष्य पांगतो, परंतु ज्या कामात दुसऱ्याचे हित गुंतलेले असते ते त्याला सहजी सोडवत नाही, हे दापोलीच्या पेन्शनरांनी दाखविले.

आजची संघटना मात्र पुष्कळदा वैयक्तिक लाभाच्या दारावरच थबकते. शासकीय व्यवस्था काही थोडी नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या सैनिक मंडळाचेच पुढे केंद्रीय सैनिक बोर्ड झाले, त्याच्या सूत्रात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आली. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळून निधी जमविला जातो. २००३ च्या एप्रिलपासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. राज्य शासनाने २०२० साली माजी सैनिकांना मालमत्ता करात सूट देणारी योजना जाहीर केली. या प्रत्येक सवलतीपाशी एक अर्ज, एक दाखला आणि एक कचेरी असते, आणि त्या कचेरीची वाट दाखविण्यासाठी सभासद संघटनेकडे येतो. काम झाले की जातो. पुन्हा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी दिसतो. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागत असे. आता 'स्पर्श' नावाच्या संगणकीय व्यवस्थेवर ओळख पटवून द्यावी लागते, ती मुदतीत पटली नाही तर पेन्शन अडते, आणि बोटांचे ठसे झिजलेल्या ऐंशी वर्षांच्या सुभेदाराला ते यंत्र काही केल्या ओळखत नाही. नोव्हेंबरातील ही गर्दी पाहून संघटना फोफावली असे मानण्याचा मोह होतो. वस्तुतः ती गर्दी संघटनेची नव्हे, दाखल्याची असते. आणि तिच्यातील किती जणांना आपण डिसेंबरात काही काम सोपविले, या प्रश्नाच्या उत्तरावरच संघटनेचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

काम सोपविणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शिपाई निवर्तला आणि त्याच्या पत्नीच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन चालू व्हावयाचे आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे पाळण्यातले नाव बदलण्याची रीत होती. शिपायाने रजेवर लग्न करून पलटणीत परतल्यावर कारकुनाला पत्नीचे नाव सांगितले ते सासरचे. आधार कार्डावर मात्र शाळेच्या दाखल्यावरून माहेरचे नाव आले. जन्मतारीख एका कागदावर खरी, दुसऱ्यावर अदमासाने घातलेली. नवरा जिवंत होता तोवर हा भेद कोणाला खुपला नाही. आता त्या बाईने ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले डिस्चार्ज बुक बाहेर काढावयाचे, पेन्शनीचा हुकूम शोधावयाचा, दोन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावयाचे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शिक्कामोर्तब होऊन ते सारे बेळगाव किंवा सागर येथील रेकॉर्ड ऑफिसला रवाना करावयाचे. तिला यातले काहीच ठाऊक नसते. अशा वेळी समोर बसून, "वहिनी, घाबरू नका, साहेबांचा पलटणीचा नंबर तेवढा सांगा, बाकी मी बघतो," असे म्हणणारा जुना हेडक्लार्क संघटनेत असेल तर सहा महिन्यांचे काम सहा आठवड्यांत मार्गी लागते. आणि ज्या हवालदाराने हे एक प्रकरण शेवटास नेले तो पुढच्या सभेला न बोलावता येतो, कारण कोणीतरी आपली वाट पाहत आहे हे त्याला कळलेले असते.

येथे दोन पिढ्यांचा प्रश्नही आपोआप सुटू लागतो. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. कारगिलच्या वेळी नुकताच भरती झालेला त्याच्याहून पाव शतकाहून अधिक धाकटा. वडील पिढीला जुन्या नोंदी, जुने हुकूम, दप्तराची वळणे ठाऊक. धाकटीला मोबाईल आणि संगणक. दोघांना व्यासपीठ आणि सतरंजी अशा दोन ठिकाणी बसविण्यापेक्षा एका मेजाशी एका बाईच्या कागदांपुढे बसविले, तर परस्परांविषयीचा दुरावा सरण्यास भाषणांची गरज उरत नाही.

आणखी एक बोच आहे. ती उघड बोलली जात नाही, परंतु शिपाई घरी बसण्याचे ते मोठे कारण आहे. हुद्दा. सेवेत हुद्दा हवाच. त्यावाचून फौज चालत नाही. परंतु निवृत्तीनंतरही अध्यक्षपद साहेबांकडे, माईक सुभेदारांकडे आणि खुर्च्या मांडणे शिपायाकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षे राहिली तर दिवसभर दुसऱ्याच्या दारावर सलाम ठोकणारा मनुष्य सुट्टीच्या दिवशी पुन्हा सलाम ठोकण्यास कशाला येईल? मौज ही की याचा उतारा फौजेच्या परंपरेतच आहे. पलटणीत दरबार भरतो, आणि तेथे कनिष्ठातल्या कनिष्ठ जवानाला कमांडिंग अधिकाऱ्यासमोर उभे राहून आपली तक्रार मांडता येते. बडाखान्यात अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. संघटनेने वर्षाकाठी चार समारंभ कमी करून दर तिमाहीस एक दरबार भरवावा, प्रथम बोलण्याचा मान शिपायाला द्यावा, त्याची तक्रार रोजनाम्यात लिहून पुढच्या दरबारात तिचा निकाल वाचून दाखवावा. लिहिलेल्या तक्रारीला उत्तर मिळते असा अनुभव आला की मनुष्य तक्रारीसाठी का होईना, येतो.

सभासद टिकविण्याची हीच अडचण परदेशांतही आहे. पॅरिसमध्ये १९१९ साली जन्मलेल्या अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची सभासदसंख्या दुसऱ्या महायुद्धानंतर तेहतीस लाखांच्या घरात गेली होती. ती पिढी ओसरत गेली तसतशी ही संख्या घटत आली. अलीकडे तिच्या शाखा जुन्या सभासदांना, आणि सभासदत्व सोडून गेलेल्यांनाही, केवळ ख्यालीखुशाली विचारण्यासाठी दूरध्वनी करण्याचा उपक्रम चालवितात. वर्गणीची आठवण नाही, कार्यक्रमाचे निमंत्रण नाही. बरे आहात ना, एवढाच प्रश्न. हा उपक्रम कोपरीत उचलण्यास कसलाही खर्च नाही. पायदळाच्या सेक्शनमध्ये दहाच्या आसपास जवान असतात. त्याच मापाने चेंदणी, दौलतनगर, कोपरी गाव, पलीकडे कल्याण-डोंबिवलीतील एकेक वस्ती वाटून घ्यावी, दहा घरांमागे एक सेक्शन कमांडर नेमावा, तो हुद्द्याने शिपाई असला तर उत्तमच, आणि महिन्यातून एकदा त्याने आपल्या दहा घरांची गिनती घ्यावी. कोण रुग्णालयात आहे, कोणाची नोकरी सुटली, कोणाच्या मुलाला वसतिगृहात जागा हवी, कोण अलीकडे फार पिऊ लागला आहे, हे सारे या गिनतीत कळते. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात ते कधीच येत नाही.

ही गिनती घेताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी लागेल. शिपाई वारला की त्याचे नाव हजेरीपटावरून खोडले जाते, आणि त्या घराशी संघटनेचा संबंध वर्षातून एका साडीचोळीच्या सत्कारापुरता उरतो. ऑस्ट्रेलियात १९२३ साली 'लेगसी' नावाची संस्था निघाली ती युद्धातून परतलेल्यांनी, आपल्या मृत सोबत्यांच्या बायकामुलांची जबाबदारी उचलण्यासाठी. शंभर वर्षे लोटली तरी ती चालू आहे, कारण तिचे काम मृत्यूपाशी संपत नाही, तेथून सुरू होते. आपल्याकडील संघटनांनी वीरपत्नींना आणि पेन्शनर विधवांना पाहुण्या म्हणून खुर्ची न देता मताधिकार असलेल्या पूर्ण सभासद करून घ्यावे, कार्यकारिणीत त्यांच्या जागा राखाव्यात. कागदांसाठी प्रत्यक्ष खेटे घालून शहाण्या झालेल्या या बाया पुढच्या बाईला जो धीर देऊ शकतात तो कोणताही सुभेदार देऊ शकत नाही. त्यासाठी संघटनेच्या घटनेत दुरुस्ती करावी लागेल, सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागेल. ठरावाचा मसुदा येत्या सभेपुढे ठेवता येईल, आणि ती सभा रविवारी अकरा वाजता न ठेवता रात्रपाळीवाल्यांनाही येता येईल अशा वेळी, संध्याकाळी पाचला ठेवावी.