परक्या मालाची नोंद

नागापूर एमआयडीसीत सकाळी पहिला टेम्पो शिरतो तो बहुधा दुसऱ्याचा माल घेऊन. नगर-मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्याला ही वसाहत मोठ्या कंपन्यांची वाटते. आत वळलं की चार-दोन सीएनसी मशीनच्या शेड लागतात आणि त्यांतल्या कितीतरी जॉबवर्कवर चालतात. कास्टिंग पार्टीचं, ड्रॉइंग पार्टीचं. आपलं मशीन, वीज आणि हात.

अशा शेडचा हिशोब कसा असतो ते पाहा. समजा, चलनावर 500 कास्टिंग आले. मशीनवर चढल्यावर 12 नगांत ब्लोहोल निघाले, ते पार्टीच्या माथी. ऑपरेटरच्या हातून 5 अंडरसाइज गेले, ते आपल्या माथी. 483 डिस्पॅच. बुरी, म्हणजे कापून निघालेला धातूचा चुरा, कुणाची, हे भाव ठरवतानाच बोलून घेतलेलं असतं. सगळं इनवर्डच्या वहीत मावतं. कॉम्प्युटरवर घ्यायला गेलं की अडतं, कारण हिशोबाचं सॉफ्टवेअर साधारणपणे एवढंच धरून चालतं की गोदामात आहे ते माझं आहे आणि त्याला किंमत आहे.

ईआरपीनेक्स्ट हे असंच हिशोबाचं, ब्राउझरमध्ये चालणारं, मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअर मुंबईत घडलं. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याच्या गरजेतून ते लिहायला घेतलं. 2008 साली स्थापन झालेली त्यांची कंपनी आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. कोड कुणीही उतरवून घ्यावा, आपल्या सर्व्हरवर बसवावा, त्यात बदल करावेत. फुकट मिळतं म्हणून लोक वळतात हे खरं, पण माझ्या लेखी त्यातली पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: पुढच्या आवृत्तीत काय येणार, हे ठरतं कसं?

मागणी कुणीही नोंदवू शकतो. नोंदवली म्हणजे होईलच असं नाही. कुणीतरी बसून कोड लिहावा लागतो, त्यासोबत चाचण्या लिहाव्या लागतात आणि जुन्या जाणत्यांनी तो तपासून आत घ्यावा लागतो. मोठी नवी कामं ‘डेव्हलप’ नावाच्या शाखेत जमा होत राहतात. चालू आवृत्तीला आठवड्याच्या आठवड्याला दुरुस्त्या मिळतात. पंगतीत वाढणं चालू असताना मागे दुसऱ्या दिवसाचं पीठ मळलं जावं, तसं.

कधी योजनाच दिल्लीहून येते. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं. मग 100, 50, 20, 10 करत ऑगस्ट 2023 मध्ये मर्यादा 5 कोटींवर आली. तीन वर्षांच्या आत नागापूरच्या मधल्या आकाराच्या शेडपर्यंत पाणी आलं म्हणायचं. सरकारी अधिसूचना आवृत्तीची वाट बघत नाही. म्हणून भारताचे करनियम मूळ सॉफ्टवेअरमधून काढून वेगळ्या ॲपमध्ये नेले गेले. जर्मनीतल्या वापरणाऱ्याला आपल्या ई-वे बिलाचं ओझं कशाला? 2022 च्या चौदाव्या आवृत्तीत पगार-हजेरीचा विभागही असाच वेगळा निघाला. भावांनी वेगळी चूल मांडावी तसं; भांडण नाही, पण सोय झाली.

त्याच चौदाव्या आवृत्तीत जॉबवर्कची घडी नव्याने बसवली गेली. आधी ते खरेदीच्या ऑर्डरमध्येच कोंबलेलं असे. आता बाहेर दिलेल्या कामाची ऑर्डर आणि त्याची पावती वेगळी झाली. उत्तम. पण ही सोय माल पाठवणाऱ्याची. कायद्याची टांगती तलवारही त्याच्याच डोक्यावर असते: जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. त्यामुळे मागणीचा जोर त्याच बाजूने असणार. टेम्पो जिथे रिकामा होतो, त्या शेडला बराच काळ तडजोडीवर भागवावं लागलं. वस्तूवर ‘ग्राहकाने दिलेली’ अशी खूण करायची, किंमत शून्य ठेवायची, बाकीचं जमवून घ्यायचं. आवक जॉबवर्कची स्वतंत्र ऑर्डर नंतर आली. नगर जिल्ह्यातल्या शेडवाल्यांनी याआधीच सॉफ्टवेअरला आपापली पानं जोडून घेतली असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आणि खरी पंचाईत तिथेच आहे. जोडलेलं पान आवृत्ती बदलताना तुटू शकतं. मूळ सॉफ्टवेअरची त्यासाठी एक साधी युक्ती आहे: ‘पॅचेस’ नावाची फाईल. जुना डेटा नव्या घडीत बसवणारा एकेक छोटा प्रोग्राम, त्याचं नाव एकेका ओळीवर. अपग्रेड करताना त्या ओळी क्रमाने चालतात, आणि जी एकदा चालली तिची नोंद ठेवली जाते, पुन्हा चालू नये म्हणून. पण या ओळींना तुम्ही घरी केलेल्या जोडणीची खबर नसते.

जिल्ह्याच्या नावाचंही तेच. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पिनकोड 414111 तसाच, राज्याचा जीएसटी कोड 27 तसाच. पार्ट्यांच्या पत्त्यांतलं नाव मात्र ज्याचं त्यानेच बदलायचं. जुन्या बिलांवर छापलेला पत्ता तसाच राहू द्यायचा, हेही ध्यानात ठेवून.

जाणते लोक म्हणून मार्चमध्ये अपग्रेडला हात लावत नाहीत. आधी डेटाची प्रत काढतात, नवी आवृत्ती त्या प्रतीवर चढवतात आणि एखादं अडचणीचं जुनं चलन उघडतात. 500 आले, 483 गेले, 12 त्यांचे, 5 आपले. स्टॉकमध्ये शून्य दिसलं, तरच खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड टाकतात.