याडीचा प्रश्न

पहाटे पाच. सोयाबीन काढणीचे दिवस, त्यामुळे निम्मं गोरेगाव माझ्याआधी उठलेलं. आज बंजारा तांड्यावर तेविसावं स्तोत्र सांगायचंय. आधी आपल्या नेहमीच्या बायबलात वाचतो, मग पंडिता रमाबाईंच्या भाषांतरात. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून हे काम हाती घेतलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर सोडलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकाच छापखाना चालवायच्या. हे आठवलं की पाळक म्हणून घाईनं वाचायची लाज वाटते.

साडेआठ. मंडळीतल्या आजोबांना घेऊन वाशीमला. तिथला नाझरीन मिशनचा दवाखाना 1938 चा, शाळेच्या जुन्या इमारतीत सुरू झालेला. आजोबांना मराठी येतं, पण दुखणं सांगताना ते दखनीवर जातात. मी शेजारी बसून नर्सला सांगतो. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक वाक्य त्यांना परत विचारून घेतो.

दुपारी एक. परतीची एसटी. भाकरी गाडीतच.

तीन वाजता तांडा. पुढच्या आठवड्यात निम्मी घरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणार, म्हणून अंगणात बोचकी बांधायचं काम चाललेलं. बाया आपसात गोरमाटी बोलतात. माझी गोरमाटी अजून कच्ची आहे, पोरं हसतात, पण दुरुस्तही करतात. मी मेंढपाळाबद्दल सांगू लागलो : हिरवं कुरण, संथ पाणी. बोचकं बांधता बांधता एक म्हातारी याडी (गोरमाटीत आई) थांबली.

"तो रातीला मेंढरापाशीच निजतो का घरी जातो?"

मला उत्तर सुचेना. तीच म्हणाली, "धनगर शेतात मेंढरं बसवतात ना, ते तिथंच निजतात. लांडगा रातीलाच येतो."

किती वर्षं हे स्तोत्र सांगतोय मी! अंधाऱ्या दरीची ओळ त्यातच आहे, पण मी ती नेहमी मरणाच्या वेळेसाठी राखून ठेवली. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत निजणाऱ्या बाईला ती रोजच्या रात्रीची वाटते. मग पुढचा तासभर मी कमी बोललो. याडीच बोलत होती : फडातल्या राती, तान्ह्या नातवाचा ताप, पहाटेची गाडी भरणं. गोरमाटीतले जे शब्द समजले नाहीत ते तिनं मराठीत सांगितले, मी वहीत उतरवले. मिशनरी विल्यम केरींचं 1805 चं मराठी व्याकरणसुद्धा वैजनाथ पंडितांच्या शेजारी बसूनच झालं होतं. आणि आपल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव पंजाबात गेले तेव्हा तिकडच्या लोकांना कळेल अशा बोलीत गायले. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. मला वाटतं, दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्यानं आधी त्याच्या ओट्यावर बसायला हवं.

सहा. याडीनं प्रार्थना करायला सांगितली, नातवासाठी. सेवालाल महाराजांच्या फोटोखाली बसून केली. तिला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

रात्री नऊ. रविवारच्या उपदेशाचा पहिला परिच्छेद खोडला. कुरणाआधी रात्र घेतली. फोन वाजला, याडीचा मुलगा. मुकादमानं दिवस अलीकडे ओढलाय, ट्रक उद्याच येणार. नातवाचं औषध घरात नाही.

औषधाचं दुकान उघडं आहे का बघायला निघालो.